हुतूतू, कबड्डी आणि आम्ही मुली



अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाचीच्या मुलीने मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर दोन ओळींच्या ईमेलमध्ये मावेना, म्हणून इथे लिहिते. ती तिथे 'रोलर डर्बी' नावाचा खेळ खेळते. मला हा खेळ माहीत नव्हता, तुमच्यातल्याही अनेकांना नसेल. पायांत चाकांचे बूट घालून अंडाकृती वाटेवर गोल गोल पळायचं. दोन्ही संघांच्या पाच-पाच मुली. प्रत्येक संघातल्या एकीच्या हेल्मेटवर चांदणी असते. तिने समोरच्या संघाच्या मुलींना मागे टाकत जायचं, जितक्या जणींना मागे टाकलं तितके गुण. बाकीच्या तिला खांद्याने, कमरेने ढकलून अडवणार. शिकागोत १९३५ साली लिओ सेल्टझर नावाच्या माणसाने हा प्रकार सुरू केला, पुढे तो तमाशासारखा झाला आणि बंद पडला. मग टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात २००१ मध्ये बायकांनीच तो पुन्हा उभा केला, आणि या वेळी स्वतःच्या नियमांनी. गंमत म्हणजे खेळताना या मुली खरं नाव लावत नाहीत, काहीतरी भयंकर टोपणनाव घेतात!

तर या पोरीने मला मांडीवरच्या काळ्यानिळ्या डागाचा फोटो पाठवला. कौतुकाने पाठवला, बरं का. आणि खाली लिहिलं, "मावशीआजी, आई म्हणते तू हुतूतू खेळायचीस. तुला त्यात काय आवडायचं?"

पंचाहत्तरी गाठली तरी हे मला कुणी विचारलं नव्हतं. "खेळायचीस कशाला?" असं विचारणारे पुष्कळ भेटले. दोन्ही प्रश्नांत फरक आहे.

जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे सवयीने आधी मागे जाते. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद गाळा, रागावणार नाही.

हुतूतू आपल्याकडे फार जुना. एकनाथांच्या भारुडांत फुगडी आहे, हमामा आहे, तसा हुतूतूही आहे. रूपक लोकांच्या ओळखीच्याच गोष्टीचं करतात, म्हणजे तेव्हा तो गावोगाव खेळला जात असणार. हाच खेळ तमिळ मुलखात सडुगुडू आणि बंगालात हाडूडू. मात्र नियम प्रत्येक गावाचे वेगळे. १९१८ च्या सुमारास साताऱ्याकडे त्याला चौकट देण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याच्या सामन्यांतून ठरलेल्या नियमांना वजन आलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली. आता 'हुतूतू' मागे पडून 'कबड्डी' पुढे आली. महाराष्ट्रात या सगळ्याला ज्यांनी आयुष्य वाहिलं ते शंकरराव तथा बुवा साळवी. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै आपल्याकडे कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

त्या जुन्या काळात खेळाचे तीन प्रकार होते आणि त्यांची नावं मला अजून गोड वाटतात. संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत आपल्या गड्याने समोरचा गडी मारला की आपला बाद झालेला गडी उठून परत आत येतो. गामिनीत एकदा बाद झालं की अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचं. अमरमध्ये बाद झालेलाही आतच राहतो, फक्त गुण जातो. पुढे संजीवनीचा नियम सगळीकडे रूढ झाला. घरातली रीत मात्र आम्हा मुलींसाठी गामिनीची होती. एकदा बाद ते बाद. पण ते पुढे येईलच.

मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कलकत्त्याला झाली. मी तेव्हा पाच वर्षांची. म्हणजे मी चड्डी-झबल्यात होते तेव्हा देशातल्या काही मुली राज्याच्या नावाने चढाया करत होत्या. पनवेलला आम्हाला याचा पत्ताच नव्हता.

तेव्हाचं पनवेल म्हणजे १८५२ पासून नगरपालिका असलेलं, पण ऐटीपेक्षा धूळ जास्त असलेलं गाव. जिल्हा कुलाबा, रायगड हे नाव १९८१ चं. सिडको नव्हती, नवी मुंबई नव्हती. गावाबाहेर पडलं की भाताची खाचरं आणि खाडीच्या बाजूला मिठागरं. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात हुतूतू भाताच्या मागोमाग उगवायचा. कापणी-मळणी झाली की खळी मोकळी होत. खळं चोपून, शेणाने सारवून गुळगुळीत केलेलं असतं. त्यावर राखेने किंवा फक्कीने रेघा मारल्या की झालं मैदान. खर्च शून्य. ना बॅट, ना चेंडू, ना जाळी. आगरी-कोळी गावांत प्रत्येक आळीचा एक संघ असे, आणि दोन गावांच्या सामन्यात भांडण झालं नाही तर सामना झाला असं कुणी मानत नसे!

हे सगळं मुलग्यांचं. मुली बांधावर बसून बघत. बघून बघून शिकल्या. आणि मुलगे जेवायला गेले की त्याच रेघांमध्ये उतरल्या. माझ्या मैत्रिणीचं शिक्षण असं झालं. तिचं गाव आज नकाशावर शोधू नका. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यांतलं ते एक. तिचे वडील मिठागरात कामाला. ती शाळेसाठी रोज चालत पनवेलला यायची आणि शिवाय मधल्या सुट्टीत आम्हाला हुतूतू शिकवायची. आम्ही गावातल्या मुली लंगडी, खो-खो, फार तर सागरगोटे यांवर वाढलेल्या. परकराचा काचा मारायलाही तिनेच शिकवलं. मग पी.टी.च्या सरांच्या लक्षात आलं की इथे एक संघ तयार होतोय.

आता मूळ प्रश्न. काय आवडायचं?

पहिली गोष्ट, आवाज. हे नीट समजून घ्या, कारण इतकी वर्षं विचार करून मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या घरी मुलीचा आवाज माजघराबाहेर जाता कामा नये, असा दंडक होता. हळू बोल, हळू हस, पायांचा आवाज करू नकोस. आणि हा खेळ असा, की त्यात मुलीने आवाज केला नाही तर ती बाद! मध्यरेषा ओलांडायच्या आधी दम सुरू करायचा, परत येईपर्यंत तुटू द्यायचा नाही, आणि पंचाला स्पष्ट ऐकू गेला पाहिजे. पंच कान देऊन उभे. पुटपुटलेलं चालत नाही. पहिल्या दिवशी मी चढाईला गेले तेव्हा लाजेने माझा दम ओठांतच राहिला आणि सरांनी शिट्टी मारून मला बाहेर काढलं. "काय गो, घरात कोन झोपलाय का?" असं मैत्रीण म्हणाली. दुसऱ्या चढाईला मी अशी ओरडले की रस्त्यावरचा टांगेवाला थांबून बघायला लागला.

त्या दमाची नशा कशी सांगू? एक श्वास. तेवढंच आपलं आयुष्य. समोर सात जणी हातात हात गुंफून साखळी करून, जाळ्यासारख्या पुढे-मागे होतात. आपण एकटी. निदान रेषा ओलांडून आत जायलाच हवं, नुसतं मध्यरेषेशी घुटमळून परत आलात तर बाद. (आजही मुलींच्या मैदानात ती मध्यरेषेपासून तीन मीटरवर असते. तीन मीटर म्हणजे कागदावर काहीच नाही. सात जणींच्या अंगणात शिरताना ते पनवेल ते पुणे वाटतं.) कानात दुसरं काहीही येत नाही, फक्त स्वतःचा आवाज. उद्याचा गणिताचा पेपर, घरी येणारी पाहुणेमंडळी, सगळं गळून पडतं. एखादीच्या खांद्याला बोटं लागतात, वळायचं, आणि मागून घोट्यावर हात पडतो. पडतो नव्हे, कुलूप लागतं. मग सात जणींचा ढीग अंगावर आणि मातीत हात पसरून रेघेकडे सरपटणारी मी. बोटाचं टोक रेघेला लागलं की त्या सगळ्या बाद. चार बोटं कमी पडली की मी बाद. एवढा सरळ न्याय मला पुढे आयुष्यात फारसा कुठे भेटला नाही.

दुसरी गोष्ट, अंग. माझी मैत्रीण थोराड होती. रुंद खांदे, जाड मनगटं. तिच्या घरी आणि आळीत याचीच चिंता. हिला स्थळ कुठून मिळणार? आमच्या घरीही तिच्या मागे बायका कुजबुजत. पण मैदानात डाव्या कोपऱ्यावर ती उभी राहिली की समोरच्या संघाचे चेहरे पडत. घोटा धरला की सुटका नाही. जे अंग घरी दोष होतं ते इथे संपत्ती होतं. मी काडीसारखी, म्हणून चढाईला. एक बुटकी मुलगी होती, ती वाकून पटात शिरायची. प्रत्येक अंगाला इथे काम होतं. अमेरिकेतल्या पोरीनेही हेच लिहिलं आहे, तिच्या संघात जाड, बारीक, उंच, ठेंगण्या सगळ्या लागतात म्हणून. वाचून मला फार बरं वाटलं.

तिसरी गोष्ट लिहू की नको असा विचार करत होते. पण इतिहास म्हणून लिहायचं तर लिहायलाच हवं. आमचं घर सोवळ्याओवळ्याचं. संघातल्या मुली सगळ्या जातींच्या. आगरी, कोळी, आमच्यासारख्या ब्राह्मण, आणि दोघी बौद्ध वस्तीतल्या. घरी पाण्याचे हंडे वेगळे, पाटावर बसण्याचे नियम वेगळे, महिन्याचे चार दिवस तर मुलीला घरातही कुणी शिवायचं नाही. आणि हा खेळ म्हणजे नुसती शिवाशिवी! स्पर्श झाला नाही तर खेळच नाही. कमरेला मिठी, घोट्याला मिठी, एकमेकींच्या घामात आणि मातीत लोळायचं. संध्याकाळी आई दारातच विचारायची, "कुणाशी खेळून आलीस?" मी म्हणायची, "सगळ्यांशी." मग परसात आंघोळ. आईने एकदाही खेळायचं बंद कर म्हटलं नाही, हेही सांगते. पाणी मात्र स्वतः ओतायची, आणि ढोपरावर हळद लावताना न बोलता लावायची. तिच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, मंगळागौरीला रात्रभर फुगड्या घालणारी बाई होती ती. फिरताना घेरी येईपर्यंत, पदर सुटेपर्यंत फुगडी खेळायची. पण ती वर्षातली एक रात्र, दारं लावून, बायकाबायकांत. आम्ही भर उन्हात चारचौघांत.

फुगडी आणि हुतूतू यांत आणखी एक फरक आहे. फुगडीत कुणी हरत नाही. हुतूतूत हरायला मिळतं! मुलींना हरण्याची सवय असते, असं लोकांना वाटतं. तसं नसतं, मुलींना माघार घेण्याची सवय असते. हरण्यासाठी आधी लढावं लागतं.

आम्ही तालुक्यापर्यंत जिंकलो. जिल्ह्याच्या सामन्यांना अलिबागला गेलो, एस.टी.ने, डब्यात चपात्या आणि गुळांबा घेऊन. तिथे उपांत्य फेरीत आमच्यावर लोण चढला आणि हरलो. पण मैत्रिणीला निवडणाऱ्यांनी हेरलं. पुढच्या महिन्यात जिल्हा संघाच्या निवडीला बोलावलं. ती आली नाही. तिचं लग्न ठरलं होतं. थोराड मुलीला स्थळ आलं, ते सोडायचं कसं? वय सतरा. लग्न खाडीपलीकडच्या गावात झालं. आम्ही चार जणी गेलो होतो. हातभर बांगड्या भरलेले तिचे हात बघून आमच्यातली एक हळूच म्हणाली, "आता घोटा कसा धरणार?" कुणी हसलं नाही.

मी कॉलेजात दोन वर्षं खेळले. मग बी.ए., बी.एड., नोकरी, लग्न. माझं सुटलं ते असं हळूहळू, कुणी हात धरून बाहेर काढलं नाही.

शिक्षिका झाल्यावर मात्र मुलींचा संघ मी सोडला नाही. इतिहासाची बाई मैदानावर कशाला, असं सहकारी म्हणत. पालक तर घरी यायचे. बहुतेकांचा आक्षेप खेळाला नसे, हाफपँटला असे. मग मी म्हणायची, पायजमा घालून खेळू दे, पण खेळू दे. एका संस्थेने आम्हाला मैदान देताना मुलींनी संध्याकाळी पाचनंतर थांबू नये अशी अट घातली होती, कारण पाचला मुलगे येत! आम्ही दुपारी दोनच्या उन्हात खेळलो. पायांना फोड आले तरी एकही मुलगी गळाली नाही.

आणि १९८६ च्या जूनमध्ये आठवीच्या वर्गात एक रुंद खांद्यांची मुलगी येऊन बसली. हजेरी घेताना आडनाव वेगळं, पण मनगटं ओळखीची. मैत्रिणीची लेक! नवऱ्याची जमीन प्रकल्पात गेली, म्हणून ते पनवेलला भाड्याने राहायला आले होते. मैत्रीण स्वतः मैदानाच्या कडेला येऊन उभी राहायची, डोक्यावर पदर, हातात मासळीची टोपली. एक दिवस सरावात मुलींना घोटापकड जमेना. मी तोंडी समजावत होते. तिने टोपली खाली ठेवली, पदर खोचला, चपला काढल्या आणि कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "ये गो कोनतरी." तिचीच लेक चढाईला आली. दोन पावलं आत आली असेल नसेल, खाली! वीस वर्षं न खेळलेली बाई. मुलींनी टाळ्या पिटल्या. ती उठून धूळ झटकत मला म्हणाली, "हात इसरले नाय." मग टोपली उचलून गेली, मासे विकायचे राहिले होते. लेक पुढे जिल्ह्याकडून खेळली. तिच्या लग्नाची घाई आईने होऊ दिली नाही.

बाहेरच्या जगात या काळात काय चाललं होतं तेही सांगते. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून होती. १९९० ला बीजिंगमध्ये पदकासाठी आली, पण पुरुषांची. बायकांना पुढची वीस वर्षं थांबावं लागलं, थेट २०१० च्या ग्वांगझूपर्यंत. तिथे आपल्या मुलींनी सुवर्ण आणलं, २०१४ ला इंचॉनमध्येही. मधल्या काळात, २०१२ मध्ये पाटण्याला झालेला महिलांचा पहिला विश्वचषक आपण जिंकला. त्या संघात आपल्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ होत्या. त्याआधीच्या पिढीत पुण्याच्या शकुंतला खटावकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता. पण मैदानाबाहेर ही नावं किती घरांत ठाऊक होती? क्रिकेटमधला बारावा गडी ठाऊक असतो.

२०१४ साली प्रो कबड्डी आली, टीव्हीवर झगमगाट झाला. पुरुषांचा. २०१६ मध्ये त्याच दिव्यांखाली बायकांचे तीन संघ खेळवले, अंतिम सामना एका गुणाने सुटला, इतका चुरशीचा. आणि तो प्रयोग तिथेच थांबला. का थांबला याची कारणं पैशांच्या भाषेत दिली जातील. मला ती भाषा कळते, पटत नाही.

२०१८ ची जकार्ताची गोष्ट तर अवश्य ऐका. महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असं हरवलं. देशभर हळहळ. पण इराणच्या बाकावर प्रशिक्षक कोण होत्या? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! नाशिकला वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवून झाल्यावर ही बाई इराणला गेली, तिथल्या मुलींसाठी फारसी शिकली, त्यांना प्राणायाम शिकवला. दमाचा खेळ, त्याला प्राणायाम, यात मला तर काही आश्चर्य वाटलं नाही. डोक्याला रुमाल बांधलेल्या त्या मुली सुवर्णपदक घेऊन नाचत होत्या, तेव्हा माझ्या घरात दोन तट पडले. मुलगा चिडला होता. मी दुःखी होते हे खरं, पण पूर्ण नव्हते. ज्या मुलींना काय घालायचं, कुठे ओरडायचं याची बंधनं आमच्याहून जास्त, त्या एका मराठी बाईने शिकवलेला दम घुमवत जिंकल्या होत्या.

आता मुली मॅटवर खेळतात, पायांत बूट असतात, चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ असतं. माती लागत नाही, ढोपरं फुटत नाहीत, मात्र मॅटवर घासलं की भाजल्यासारखं होतं म्हणे. मुलींना रेल्वेत, पोलिसांत नोकऱ्या मिळतात. आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर संध्याकाळी सातनंतरही मुली सराव करतात. दिवे लावून! मी कठड्यावर जाऊन बसते. त्यांच्या शिक्षिका चाळिशीच्या आतल्या आहेत, मला ओळखत नाहीत. नव्या मुलीला त्या सगळ्यात आधी काय शिकवतात? पकड नाही, पायांची चाल नाही. तिला एकटीला मध्यरेषेवर उभं करतात आणि सांगतात, मोठ्याने म्हण. अजूनही पहिल्या दिवशी मुलींचा आवाज फुटत नाही. पन्नास-साठ वर्षं गेली तरी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडचा अंतिम सामना मी टीव्हीवर पाहिला. समोर चायनीज तैपेई. २६-२५ असं आपण जिंकलो. त्या स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं पदक होतं. पुण्याची स्नेहल शिंदे त्या संघात होती. सामना संपून पाच मिनिटं झाली नसतील, फोन वाजला. मैत्रीणच. ती आता नातवाकडे उलव्याला राहते, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. मला वाटलं अभिनंदन करेल, रडेल. तिने विचारलं, "डाव्या कोपऱ्यावर होती ना, ती पोर कुठली गो?"